एक वाजून त्रेपन्न

घड्याळजीला जगात एकाच शब्दाचा मनापासून राग यायचा. तो शब्द म्हणजे ‘साधारण’. "साधारण दोनला येतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून विचारायचा, "दोनच्या अलीकडे की पलीकडे?" गिऱ्हाइकं हसायची. तो हसायचा नाही. चौदाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली या दुकानात बसला, आणि तेव्हापासून आपल्या हातून मिनिटाचीही चूक झालेली नाही, अशी त्याची ठाम समजूत होती.

त्यामुळे कानाच्या डॉक्टरांनी त्याची वही चाळत "या वेळा अंदाजे लिहिल्यात का?" असं विचारलं, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अंदाजे? मी?"

"तसं नाही हो. सगळ्या वेळा पूर्ण तासाच्या नाहीतर अर्ध्या तासाच्या दिसतात. एक, दीड, तीन, साडेचार. दोन वर्षांचं मूल असं काट्यावर काटा ठेवून उठत नाही, म्हणून विचारलं."

"आमचं उठतं," घड्याळजी म्हणाला. बायकोने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला.

ज्याच्या झोपेची ती वही होती तो दोन वर्षांचा इसम आईच्या मांडीवर बसून डॉक्टरांचा पेन चोखत होता. घरात त्याला महाराज म्हणत. हाक मारली की यायचं नाही, बोलावलं की बघायचं नाही, सगळं कसं स्वतःच्या मर्जीने. म्हणून महाराज. आठ दिवसांपूर्वी त्याच्या दोन्ही कानांची छोटीशी शस्त्रक्रिया झाली होती. पडद्यामागे साचलेलं घट्ट पाणी काढलं आणि पडद्यात तांदळाच्या कणीएवढ्या नळ्या बसवल्या. सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं आणि संध्याकाळी मंडळी घरी आली. आणि त्या रात्रीपासून महाराजांची झोप जी उडाली, ती उडालीच.

डॉक्टरांनी कान नीट तपासले. नळ्या जागच्या जागी, पू नाही, ताप नाही. "दुखत असतं तर दिवसभर कान धरून बसला असता. भूल दिल्यावर काही मुलं थोडे दिवस अशी दचकतात. अजून नोंद ठेवा. सोमवारी या."

"सोमवारपर्यंत असंच राहिलं तर नळ्या काढून टाका," घड्याळजी म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर केली. "काढायला पुन्हा भूल द्यावी लागेल. आणि पाणी पुन्हा साचेल."

"साचू दे. निदान झोपत तरी होता."

यात घड्याळजीचं अगदीच चुकत होतं असं नाही. महाराजांची झोप म्हणजे त्याच्या अभिमानाची गोष्ट होती. पुढे दुकान, मागे घर. दुकानाच्या लांब भिंतीला तो परीक्षेची भिंत म्हणायचा. दुरुस्त झालेलं प्रत्येक टोलाचं घड्याळ तिथे आठ दिवस टांगायचं, रोज मनगटावरच्या घड्याळाशी ताडून किती मागे, किती पुढे ते वहीत लिहायचं, आणि आठ दिवस पास झालं तरच मालकाच्या हवाली करायचं, ही त्याच्या बापाने घालून दिलेली पद्धत. त्या भिंतीवर सध्या अठरा घड्याळं होती. त्या भिंतीखालीच महाराजांचा दुपारचा पाळणा, आणि भिंतीच्या पलीकडे रात्रीचा पलंग. बारा वाजता अठरा घड्याळं एकदम बाराचे टोल द्यायची, नवं गिऱ्हाईक कानांवर हात ठेवायचं, आणि महाराज खाली ढाराढूर. पापणी हलायची नाही.

"घड्याळजीचं रक्त आहे," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "तोफ डागा, उठणार नाही."

झोपताना त्याची एकच खोड होती. आई गाणं म्हणायला लागली की तो तिच्या गळ्यावर तळवा ठेवायचा आणि तसाच झोपायचा. बाप मांडीवर घेऊन काही बोलायला लागला, तर त्याच्याही गळ्यावर. "नाडी बघतोय बघ," बाप म्हणायचा. "डॉक्टर होणार."

बोलत मात्र नव्हता. दोन वर्षं झाली तरी ‘बा’च्या पुढे गाडी जात नव्हती. बायकोच्या मनात पाल चुकचुकली. घड्याळजीने ती हाकलून दिली. "मी तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. आता बंद होतं का?" बायको ग्रंथालयात नोकरीला होती, दिवसभर पुस्तकांत, आणि नवऱ्याच्या मते सगळे आजार तिथूनच घरी यायचे. पण तिने पाठ सोडली नाही. तपासण्या झाल्या. कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं ऐकू येत असणार, असं डॉक्टर म्हणाल्या. घड्याळजीने मनात त्याचा अर्थ लावला तो असा, की थोडं कमी येतं. होय, चक्क ‘थोडं’. मिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने पोटच्या पोराच्या बाबतीत तेवढ्यावर समाधान मानलं.

आणि आता हे. महाराज झोपेतून नुसते उठत नव्हते. अंग ताठ करून, दोन्ही हात फेकून किंचाळत उठत होते, डोळे विस्फारलेले, कुणी तरी मारायला आल्यासारखे. मग अर्धा तास खांद्यावर, कशीबशी झोप, आणि पुन्हा तेच. नऊ रात्री झाल्या. नवरा-बायको एकमेकांकडे बघेनासे झाले, आणि बघितलं तर भांडण.

"चांगलं झोपणारं पोर होतं," गुरुवारी सकाळी तो म्हणाला.

"म्हणजे माझी चूक."

"मी असं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत. आठ दिवस चेहऱ्यावर लिहून फिरताय." मग ती खुर्चीत बसली, आणि तिच्यातलं सगळं बळच गेलं. "काढू या सोमवारी. मला नाही बघवत हो. माझ्या हट्टापायी पोराचं काहीतरी बिघडवून ठेवलं मी."

बायकोने हार मानावी असं त्याला दहा वर्षं वाटत आलं होतं. आता तिने मानली, तर त्याला मुळीच बरं वाटलं नाही. तरी तो म्हणाला, "काढू."

त्याच दिवशी शाळेच्या सभागृहातलं मोठं घड्याळ दुरुस्त होऊन परीक्षेच्या भिंतीवर चढलं. एकोणिसावं. माणसाच्या छातीएवढी तबकडी आणि टोल असा, की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही सुट्टी झालेली कळावी.

शुक्रवारी दुपारी एकला पाच मिनिटं असताना महाराज पाळण्यात झोपले आणि एकला किंचाळून उठले. कसेबसे पुन्हा झोपले, दीडला पुन्हा उठले. पुन्हा झोपले. घड्याळजी मेजावर वाकून एका मनगटी घड्याळाचं चक्र चिमट्याने बसवत होता. एवढ्यात पाळण्यातून अशी किंचाळी आली की चक्र उडून कुठे गेलं ते त्याला पुढे तीन दिवस सापडलं नाही. आतून बायको धावत आली, पोराला उचलून खांद्यावर टाकलं, आणि आत निघून गेली.

त्याने झोपेची वही ओढली. डॉक्टरांचा तो ‘अंदाजे’ अजून घशात अडकलेला होता. बघू आता, असं म्हणत त्याने मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि लिहिलं: एक वाजून त्रेपन्न. घ्या. हे का अंदाजे?

लिहून झाल्यावर सवयीने त्याची नजर भिंतीकडे गेली. शाळेच्या घड्याळात दोन वाजले होते. चुकतंय, लंबक खाली घ्यायला हवा, असं पुटपुटत त्याने दुसरी वही, परीक्षेची, उघडली आणि लिहिलं: शाळा. दोनला सात मिनिटं पुढे.

दोन्ही वह्या मेजावर शेजारी शेजारी पडल्या होत्या. एकच शाई, एकच हस्ताक्षर. एकीत एक त्रेपन्न, दुसरीत सात मिनिटं पुढे.

तो बघत राहिला. सात मिनिटं त्याचा हात पेनासकट तसाच होता. एक-दोनदा त्याने मान हलवली, छे, म्हणून. मग त्याच्या मनगटावर दोन वाजले, आणि भिंतीवरची उरलेली अठरा घड्याळं एकदम वाजली.

आणि घड्याळजीला ती ऐकू आली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. दर तासाला आणि अर्ध्या तासाला, दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा तो आवाज त्याच्या डोक्यावरून जात होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. टोलांचा आकडा चुकला तर त्याचा कान टवकारायचा. बरोबर असला तर कानाला कामच नसायचं. बायकोचंही तेच. आज ते छत्तीस टोल त्याच्या छातीत बसले, आणि त्यांच्या वर, आतल्या खोलीतून, पोराची नवी किंचाळी आली.

तो उठला तेव्हा खुर्ची पडली. हाताला येईल तो लंबक त्याने धरला. आधी शाळेचं, मग शेजारचं, मग त्याच्या वरचं, स्टुलावर चढून, उतरून, पुन्हा चढून. आयुष्यात त्याने कामाशिवाय चालतं घड्याळ थांबवलं नव्हतं. एकोणिसावा लंबक धरून तो स्टुलावरच उभा राहिला.

दुकानात काहीच नव्हतं. साधी टिकटिकही नाही. बायको पोराला घेऊन दारात आली, चेहरा पांढराफटक. "काय झालं? काय बंद पडलं?"

"झोपव त्याला."

"अहो, पण झालं काय?"

"आधी झोपव."

पाच मिनिटांत महाराजांची मान आईच्या खांद्यावर कलंडली. तिने त्याला पाळण्यात ठेवलं. अडीच वाजले. पोर हललं नाही. तीन वाजले. तो झोपला होता, तोंड अर्धवट उघडं, एक पाय पाळण्याबाहेर. घड्याळजीने दोन्ही वह्या बायकोसमोर ठेवल्या आणि नुसतं बोट दाखवलं. तिने एकदा वाचलं, दोनदा वाचलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"टोल," ती म्हणाली. "अहो, आपल्या डोक्यावर वाजत होते!"

"हो."

"म्हणजे कान बरे झालेत." ती हसायला लागली, तोंडावर पदर धरून, आवाज न करता. "त्याला ऐकू येतंय! सोमवारी आपण..." आणि मध्येच थांबली. नवऱ्याचा चेहरा तिला दिसला होता.

"तो दोन वर्षं याच्याखाली झोपला," घड्याळजी म्हणाला. "हलला नाही. मी लोकांना बोलावून दाखवायचो."

तिने पोराचा बाहेर आलेला पाय हळूच पाळण्यात घेतला.

"दोन महिन्यांपूर्वी त्याने त्या घड्याळाची साखळी ओढली होती. आठवतं? मी त्याच्या मागे उभा होतो. तीन हाका मारल्या. त्याने वळून पाहिलं नाही, आणि मी त्याला मारलं." त्याने स्वतःचा उजवा हात पालथा-उताणा करून पाहिला. "त्याला वाटलं असेल, कुठून आली ही चापट? मागून. काही कारण नसताना."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"मला घड्याळाच्या टिकटिकीवरून कळतं, आत काय बिघडलंय ते. दारातून कळतं. आणि हा माझ्या पायाशी होता."

बायकोने त्याची समजूत काढली नाही. तेवढं खोटं बोलणं तिला जमलं नसतं. दोघं तिथेच जमिनीवर बसून राहिली. कुणीतरी गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं, बंद काटे, पडलेली खुर्ची आणि जमिनीवरची दोघं पाहून "मी नंतर येतो" म्हणालं आणि गेलं. कधी येतो ते घड्याळजीने विचारलं नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी महाराज आपण होऊन उठले. किंचाळी नाही, रडणं नाही. पाळण्याच्या कठड्याला धरून उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून, थांबलेल्या लंबकांकडे बघत. बाप मागे उभा होता. हाक मारावी असं त्याला वाटलं. हजार हाका त्याने मारल्या होत्या, हसत, ओरडत, चिडून. आता एक साधी मारायची भीती वाटत होती.

"महाराज," तो हळूच म्हणाला.

पोर गर्रकन वळलं. बायकोने त्याचा दंड घट्ट धरला. महाराजांनी बापाकडे पाहिलं. मग बापाच्या मागे पाहिलं. दाराकडे पाहिलं, मेजाखाली पाहिलं, आणि पुन्हा दाराकडे. हाक मारणारा माणूस ते शोधत होते.

घड्याळजीच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षांचा मुलगा, आणि बापाचा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

"मी आहे रे," तो म्हणाला. आवाज फुटला, तरी म्हणाला. "मी बोलतोय. बाबा."

पोराने भुवया आक्रसून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ हलत होते तिकडे. घड्याळजी पाळण्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि बोलत राहिला, सुचेल ते, शाळेचं घड्याळ, हरवलेलं चक्र, काहीही. मग महाराजांनी कठड्यावरून हात बाहेर काढला आणि तळवा नेमका बापाच्या गळ्यावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला, डोळे बापाच्या ओठांवर.

"बा," ते म्हणाले.