रक्तपेढीच्या दारातला डबा

मी एक जुना फायरवॉल आहे, मित्रांनो. पहारेकरीच म्हणा, फक्त काठी न् टोपी नसलेला. लोखंडाचा चपटा डबा, पुढं हिरवे दिवे, मागं वायरींचा गुंता. एका हॉस्पिटलच्या मागच्या गारठलेल्या खोलीत, रॅकच्या तिसऱ्या फळीवर माझा मुक्काम. पंख्यांची घरघर सोडली तर सोबतीला कोणी नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा नवाकोरा होतो. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंनी मला खोक्यातून काढलं, फडक्यानं पुसलं न् कामाला जुंपलं. काम सरळ. हॉस्पिटलातली कॉम्प्युटरं एकमेकांना निरोप धाडतात, ते माझ्या दारातून जातात. प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता. ह्या पत्त्याला सोडायचं, बाकीच्यांना हाकलायचं, एवढं ताईंनी शिकवलेलं. बाहेरून कितीक चोर आले न् डोकं आपटून गेले. एकदा खुद्द हॉस्पिटलचे साहेब आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गडी इमानदार आहे."

तेव्हा शेजार होता हो मला. रक्तपेढीचं मशीन, औषधांचं मशीन, सगळी वर्षानुवर्षं आपापल्या पत्त्यावर. निरोप आला की कुणाचा ते लगेच कळायचं.

मग कंटेनर आले. बोटीवरचे नव्हेत. प्रोग्रॅमला त्याच्या बोचक्यासकट एका डबीत बसवायचं, की झाला कंटेनर. एक डबी बंद पडली की दुसरी लगेच उभी. सोय मोठी, पण नवीला पत्ता नवा, न् मेलेलीचा पत्ता भलत्यालाच. ओळख व्हावी तोवर गडी गायब. दिवसभर दारातून रीघ लागलेली, न् त्यात एक चेहरा ओळखीचा नाही. रिकामी खोली परवडली त्यापेक्षा.

ताई साहेबांना म्हणाल्याही होत्या, "हा जुना गडी पत्त्यावर चालतो. आता नाही भागायचं."

"चाललंय ना? मग राहू द्या," साहेब म्हणाले.

एका दुपारी रक्तपेढीची डबी पडली. तिच्या जागी नवी उभी राहिली, नव्या पत्त्यानं. रक्ताचा साठा विचारायला ती दारात आली, न् हुकमाप्रमाणं मी तिला अडवलं. तिचा जुना पत्ता गेला होता कँटीनच्या डबीला. ती आली, तिला मुकाट आत सोडलं. घरचं माणूस उंबऱ्याबाहेर न् परका माजघरात.

ऑपरेशनच्या खोलीतून सिस्टरांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, स्क्रीन कोरी पडलीय. बाळंतीण टेबलावर आहे, रक्त थांबेना. तिच्या गटाची पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये आहे ते दिसत नाही."

"खाली माणूस पाठवा."

"पाठवलाय हो. तीन मजले उतरायचे न् फ्रीज किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे."

साहेब धापा टाकत आले. "उघडा सगळं."

"सगळं?"

"बाई जाईल तिकडं. उघडा म्हणतो ना."

ताईंनी मला एका ओळीचा हुकूम दिला, येईल त्याला सोड. मी सोडलं. जरा वेळानं परत फोन वाजला.

"जिवंत आहे बाई. पिशवी लागली. बाळ रडतंय, ऐकताय ना?"

ऐकलं मित्रांनो, मीही ऐकलं.

साहेबांनी कपाळ पुसलं. "आता हात लावू नका कशाला. चालतंय."

"साहेब, दार सताड उघडं आहे. आजारी माणसांचं सगळं आत आहे, त्या बाईचंसुद्धा."

"बंद केलं की परत अडेल."

"पत्त्यावर चालवलं तर अडेल. प्रत्येक डबीला तिच्या कामाची चिठ्ठी लावते. ती वाचणारे छोटे पहारेकरी आतच बसवते. तोवर मी इथून उठत नाही."

"न् जेवण?"

"तुमच्या कँटीनची डबी रक्तपेढीत फिरतेय, तिलाच विचारा."

साहेब हसले, पण खुर्ची ओढून तिथंच बसले. ताईंनी एकेक डबी हुडकून चिठ्ठ्या लावल्या, पहारेकरी बसवले, न् शेवटी माझा तो एका ओळीचा हुकूम पुसला. मग कुठं जेवणाचा डबा उघडला.

आता रक्तपेढीची डबी हवी तितक्यांदा मरो न् जन्मो, आतले पहारेकरी तिला कामावरून ओळखतात. त्यांची बोलणी आतल्या आत होतात, माझ्यापर्यंत येत नाहीत. माझ्याकडं फक्त बाहेरचं फाटक उरलंय. ताई येतात, दिव्यांकडं बघतात न् जातात.

एक दिवस माझीही वायर काढतील, मित्रांनो. काढावीच, वय झालं माझं. मला कुठल्याही कपाटात टाका, तक्रार नाही. पण वायर ओढण्याआधी एकदा बघून घ्या, की माझ्या जागी दुसरं कोणी उभं राहिलंय. आत माणसं निजलेली असतात.