थोरल्याचा चार्ज

लँडलाइन वाजला की घाड्यांच्या घरात आता सगळ्यात आधी उठायचा तो अजित. नायब सुभेदार अजित घाडी, उमेदीची सगळी वर्षं फौजेत घालवून गेल्या दिवाळीत पेन्शनीवर घरी आलेला, घरातला थोरला. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, माणशी एकेक मोबाइल आला, तरी लालबागच्या या अकराव्या मजल्यावर लँडलाइन टिकून होता तो त्याची आई मीराबाई हिच्या हट्टापायी. "ह्यो नंबर गावात सगळ्यांका पाठ आसा," एवढंच ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

अजित रिसीव्हर उचलून खणखणीत 'हॅलो' म्हणायचा. पलीकडे क्षणभर कुणी बोलायचं नाही. मग धाकटी बहीण प्रिती असो, नाहीतर मधला भाऊ शिवा, प्रश्न ठरलेला.

"दादा, वहिनी आहे?"

वहिनी असायचीच. अजित तिला हाक मारायचा आणि बाजूला व्हायचा, आणि दर वेळी त्याला ते लागायचं. इतकी वर्षं बर्फात उभं राहून आलो ते काय फोन जोडून द्यायला? बायकोचा हेवा वाटणं काही पुरुषाला शोभत नाही, म्हणून तो त्याला हेवा म्हणत नसे. पण होता तो हेवाच.

थोरलेपण त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वडील सीतारामांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात तीन पोरं आणि एक अंगठी उरली होती. बारावीचा निकाल लागला आणि अजित भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. शिवा इंजिनियर झाला, प्रितीचं लग्न नीट पार पडलं, वडील समाधानाने गेले. याबद्दल त्याने कधी फुशारकी मारली नाही. मात्र थोरल्यांना एक खोड असते. त्यांना वाटतं, आपण पंगतीतून उठून गेलो तरी आपला पाट तसाच मांडलेला असतो.

अक्षता गिरगावातली, चार बहिणींत शेंडेफळ. माहेरी तिचं नाव बाळी. लग्नात तिची थोरली बहीण ललिता अजितला मांडवाच्या कडेला घेऊन गेली आणि डोळे पुसत म्हणाली, "हिला आम्ही एकटीने रस्तासुद्धा ओलांडू दिलेला नाही. आजपासून तुमच्या हवाली." अजितने छाती पुढे काढून 'काळजी नको' म्हटलं. पलटणीतल्या म्हाताऱ्या हवालदारानेही पाठ थोपटली होती. "थोरल्यानं शेंडेफळच करावी. दोन थोरले एका घरात आले तर रोज परेड, आणि दोन शेंडेफळं आली तर चूल कोण पेटवणार?"

सुरुवातीला तसंच चाललं. दर रविवारी फोनवर बाळीचे प्रश्न. सिलिंडर संपलाय, काय करू? आईंना ताप आहे, काय करू? अजित कधी तेजपूरहून, कधी लेहहून हुकूम सोडायचा आणि त्या रात्री समाधानाने झोपायचा. पुढे प्रश्न कमी झाले. मग थांबलेच. 'सगळं ठीक आहे,' अक्षता म्हणायची. प्रश्न येईनासे झाले म्हणजे प्रश्न उरले नाहीत, असं सुभेदाराने धरून चाललं. जवानांच्या बाबतीत ही चूक त्याने कधी केली नसती. घरच्यांच्या बाबतीत बिनदिक्कत केली.

घरी आल्यावर त्याने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, चपलांची रांग सरळ केली, मुलगी ओवीचा गजर पाचवर नेला. सगळ्यांनी ऐकलं. पण पाहुण्याचं ऐकतात तसं ऐकलं. मीराबाई तर त्याने गोळ्यांची डबी पुढे केली तरी तोंड फिरवायची. "अक्षता येवंदे. तुका नाय कळाचा." आणि अक्षता दादरच्या शाळेतली ऑफिसची नोकरी आटोपून घरी आली की पाच मिनिटांत गोळी म्हातारीच्या पोटात.

एका रविवारी शिवा वडाळ्याहून जेवायला आला. क्रिकेटवर बोलला, सोलकढी दोनदा मागून प्यायला, दादाच्या मिशीची मस्करी केली. निघाला तशी अक्षता त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेली. लिफ्ट येऊन गेल्याचा आवाज आला. पुन्हा आली, पुन्हा गेली. अजितने दार किलकिलं केलं. शिवा भिंतीला टेकून मान खाली घालून उभा होता आणि अक्षता हळू आवाजात काही बोलत होती. हसणारा शिवा कुठल्या कुठे गेला होता. अजितने आवाज न करता दार लोटलं.

"काय झालंय त्याला?" ती आत आल्यावर त्याने विचारलं.

अक्षताने थोडा विचार केला. मग सांगून टाकलं. शिवाचं मन वर्षभर थाऱ्यावर नव्हतं. कशातच गोडी वाटत नव्हती, ऑफिसात चुका होत होत्या, बायको मनवा घाबरून गेली होती. परळला डॉक्टर बघितले, गोळ्या सुरू झाल्या. दर गुरुवारी अक्षता 'बाजारात' जायची, ती त्याला डॉक्टरकडे घेऊन जायची.

"आणि मला कुणी सांगितलं नाही? मी मेलो होतो का?"

"तो म्हणाला, दादाला नको सांगू. तुमच्यासमोर त्याला लाज वाटते."

या शेवटच्या वाक्यावर थांबायला हवं होतं. पण अजितच्या कानात पहिलंच वाक्य घुमत राहिलं. दुसऱ्या दिवशी तो वडाळ्याला थडकला. शिवाला समोर बसवून त्याने जे भाषण दिलं ते पलटणीत दिलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. गोळ्या-बिळ्या बंद. घाड्याचं रक्त आहे. उद्यापासून पहाटे शिवाजी पार्क, चार फेऱ्या.

आणि शिवाने ऐकलं. हीच तर गोम होती. नोकरी, संसार, टक्कल सगळं येऊनही तो दादाचा धाकटाच होता. दादाने सांगितलं, त्याने गोळ्या सोडल्या. काही दिवस तो पार्कात धावला, दादाने शाबासकी दिली की हसलाही. अक्षताला अजितने यातलं काही सांगितलं नाही, आणि शिवाने गुरुवारची फेरी ऑफिसचं निमित्त सांगून टाळली. एकदम बरा झालेला शिवाच तिच्यापुढे उभा करू, असा त्याचा बेत होता.

मग एका पहाटे शिवा आला नाही. मोबाइल बंद. दुपारी लँडलाइनवर मनवाचा फोन आला. "दादा, वहिनी कुठे आहेत? हे कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. बोलत नाहीत, जेवत नाहीत. मला भीती वाटतेय."

अक्षता शाळेतून परस्पर वडाळ्याला गेली. परतली तोवर देवापाशी दिवा लागला होता. अजित दारातच उभा होता.

"कसा आहे?"

"झोपलाय. गोळ्या परत सुरू केल्या. अशा एकदम सोडायच्या नसतात, डॉक्टर म्हणाले. मनवा एक मिनिट त्याला एकटं सोडत नाही." ती चप्पल काढून भिंतीशी बसली. चप्पल रांगेत ठेवली नाही.

"मी चांगल्यासाठीच..."

"ठाऊक आहे मला."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. बराच वेळ पाय चेपत बसली, मग म्हणाली, "तुमच्याकडे जुना सुभेदार जाऊन नवा येतो, तेव्हा काय करतात?"

हे त्याच्या जिव्हाळ्याचं. "चार्ज घेतात. जुना आणि नवा मिळून सगळीकडे फिरतात. कुठलं कुलूप अडकतं, कुठला जवान घरच्या आठवणीने झुरतोय, सगळं जुना सांगतो. तोवर नव्याने एकही हुकूम सोडायचा ना..."

तो मध्येच थांबला.

"माझ्याकडून तुम्ही चार्ज कधी घेतलात?" अक्षता म्हणाली.

मीराबाईने आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक केला. म्हातारीला बरोबर कळतं कधी करायचा ते. अजितला शरमेने खाली बघवेना की वर बघवेना. शेवटी तो तिच्याशेजारी फरशीवर बसला. "आता देशील?"

तिने दिला. आई पांढरी गोळी पदरात लपवते. ती गुळाच्या खड्यात द्यायची आणि कुडाळच्या वैद्याची आहे म्हणायचं. ओवीला मार्क विचारायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना ती स्वतःच सांगते. प्रिती भांडायला फोन करते तेव्हा तिला खरं म्हणजे आईचा आवाज ऐकायचा असतो.

"आणि शिवाला 'कसा आहेस' असं कधीच विचारायचं नाही. बाजाराचं बोलायचं, मासळीचं बोलायचं. तो आपणहून मुद्द्यावर येतो. आला की आपण गप्प राहायचं. तेवढंच कठीण आहे."

"हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? मी घरात सगळ्यात लहान. मोठी माणसं बोलताना गप्प ऐकायचं, एवढंच मला येत होतं. तेच उपयोगी पडलं."

अजितने मान हलवली. मग, चार्ज घेणाऱ्याने शेवटी विचारायचं असतं तसं विचारलं, "आणखी काही राहिलं? तुझं कोण बघतं?"

अक्षता उठली. कुकर लावायचा होता. जाता जाता म्हणाली, "माझा चार्ज तुम्ही घेतला होतात. लग्नात, ताईकडून."



त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अक्षता रोज शाळेतून वडाळ्याला जायची आणि पडेल चेहऱ्याने परतायची. शिवा तिच्याशीही दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. फोन वाजला की अजित धावायचा. प्रिती असायची, गावचा बाबल असायचा. 'वहिनी आहे?' हा प्रश्न आता त्याला टोचत नव्हता. ज्याच्या तोंडून तो हवा होता तो तेवढा विचारत नव्हता. माझा भाऊ मी माझ्या हाताने आजारी पाडला, हे तो कुणापाशी बोलला नाही, पण विसरलाही नाही.

एवढंच त्याने केलं, की अक्षता यायच्या आत तो स्वयंपाक करून ठेवू लागला. ओवीने मोबाइलवर कृती वाचून दाखवायची, आईने आतून शिव्या द्यायच्या. पहिल्या दिवशी अक्षता ताट बघून नुसती उभी राहिली. आयतं ताट समोर आलं तर बसायचं असतं, हे ती विसरूनच गेली होती.

एका संध्याकाळी ती जेवायला बसली आणि लँडलाइन वाजला. अजितने रिसीव्हर उचलला. 'हॅलो' हळूच म्हणाला.

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग, "दादा... वहिनी आहे?"

अजितच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अक्षता खरकट्या हाताने अर्धी उठली होती. त्याने तळहाताने तिला खाली बसवलं.

"आहे," तो म्हणाला. "आत्ताच जेवायला बसलीय रे. चार घास खाऊ दे तिला. तोवर..." त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तोवर मी आहे. बांगड्याचं तिखलं केलंय. तिरफळं जरा जास्त झाली."

आता ठेवणार फोन, अजितला वाटलं.

"किती घातलीस?" शिवाने विचारलं.

"मूठभर."

"मूठभर?" पलीकडे नाकातून हसल्यासारखा आवाज आला, आणि विरला. अजितच्या ओठांवर सगळं एकदम आलं. हिंमत धर, ताठ उभा राहा, मी चुकलो, मला माफ कर. त्याने त्यातलं काहीच बाहेर येऊ दिलं नाही.

"दादा," शिवा म्हणाला, "मला सकाळी उठवतच नाही रे."

अजितने पायाने स्टूल ओढलं आणि बसला. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून तो गप्प ऐकत राहिला. मागे बांगड्या किणकिणल्या. अक्षताने पुढचा घास घेतला होता.