दोन कॅमेऱ्यांतली आई

सरुबाई आधी भाजीत मीठ घालायचं विसरल्या, मग नातवंडांची नावं. २००८च्या उन्हाळ्यात तर त्या रात्री उठून घराबाहेर पडू लागल्या. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यातून एक वाट रस्त्याला लागते, दुसरी कालव्याकडे जाते. दाराला कुलूप घातलं की त्या दारावर डोकं आपटायच्या.

मुलगा ज्ञानेश शहरातून दोन कॅमेरे पारखायला घेऊन आला. रात्री जो बरा चालेल तो ठेवायचा, दुसरा परत द्यायचा, असं दुकानदाराशी ठरलं होतं. दोन्ही फाटकावर बसवले. अंधार पडल्यावर त्याने बायकोला, प्रतिभाला, फाटकापाशी फेऱ्या मारायला सांगितलं आणि स्वतः स्क्रीनसमोर बसला. एका कॅमेऱ्याला स्वतःचे दिवे होते. त्यात रस्त्यापर्यंतचं काळंपांढरं दिसे, पण माणूस जवळ आला की चेहरा चुना फासल्यासारखा. दुसऱ्यात फाटकावरच्या बल्बच्या उजेडात साडीचा हिरवा रंगही कळे. रस्ता मात्र गडप.

"आई कुठल्या वाटेनं गेली एवढं कळलं तरी बास," ज्ञानेश म्हणाला.

"कळून काय करशील?" वडील मोतीराम खाटेवरून म्हणाले. "कॅमेरा काय तिचा हात धरणार हाय?"

त्याच आठवड्यात एका सकाळी सरुबाईंचं अंथरूण रिकामं दिसलं. मोतीराम दारातच झोपले होते, त्यांना जाग आली नव्हती. कालव्याच्या काठाने लोक पाठवून ज्ञानेश रेकॉर्डिंग बघायला बसला.

दिव्यांच्या कॅमेऱ्यात आई रस्त्यावर उभी होती. एक पिकअप थांबली, आई ड्रायव्हरशी काहीतरी बोलली आणि गाडीत चढली. नंबरप्लेटवर उजेड पडून नुसती पांढरी पट्टी दिसत होती. दुसऱ्या कॅमेऱ्यात फाटक उघडताना आईचा चेहरा स्पष्ट होता. बाजाराला निघाल्यासारखी ती खुशीत होती. पुढे अंधार आणि दोन लाल ठिपके.

"मागं घ्या," प्रतिभा म्हणाली. त्याने पुन्हा पुन्हा मागे घेतलं. आकडा काही उमटला नाही. चौकीत हवालदाराने गाडीचा नंबर विचारला, तेव्हा ज्ञानेशने नुसतं 'पिकअप' एवढंच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लासलगावहून फोन आला. मार्केटबाहेर चहा विकणाऱ्या फुलाबाईला सरुबाई कांद्याच्या गोण्यांआड बसलेल्या सापडल्या होत्या. प्रतिभाने त्यांच्या पदराच्या टोकाला फोन नंबर शिवून ठेवला होता, तेवढाच उपयोगी पडला.

घरी आणल्यावर सरुबाई गुमान जेवल्या. मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली. बंद करायच्या गडबडीत तेच रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं होतं.

"कुणाची म्हातारी ही? एवढ्या रातीची निघाली. घरात कुणी नाय का तिला?"

प्रतिभा आत निघून गेली.

"आपलीच हाय," मोतीराम म्हणाले.

"मग बसलात काय? जा, घेऊन या तिला."

मोतीराम उठले. चपला घालून खरंच फाटकापर्यंत गेले, तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

"सापडली?" सरुबाईंनी विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. कोणत्या अर्थाने, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.