हौद्याच्या फळ्या

गंजलेल्या नटात पाना अडकवून त्याने अंगाचा सगळा भार टाकला. नट फिरला नाहीच, उलट बोल्ट कडकन तुटला आणि त्याचं कोपर गाडीच्या पत्र्यावर आपटलं.

"लागलं का?" गाडीखालून सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"लागलं असेल तर सांगा. लपवू नका."

तो कोपर चोळत तसाच उभा राहिला. लपवू नका म्हणजे काय? कोपर लपवू नका, की आणखी काही? सासरे पाठीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले होते. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे बूट, आणि बुटांवरून काही कळायला मार्ग नव्हता.

पिकअप त्याच्या बायकोपेक्षा वयाने मोठी होती. सासऱ्यांनी जन्मभर बसच्या गॅरेजमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या. ही एकच स्वतःची, तीही भंगारात निघालेली, तरुणपणी हौसेने आणलेली. पुढे ती घरामागच्या पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिचं इंजिन खोललं, ब्रेक बदलले, वायरी नव्या ओढल्या, रंग दिला. राहिला फक्त मागचा हौदा. त्याची लाकडी जमीन कुजून खाली लोंबत होती. "लाकडाचं काम जावयाचं," असं ते येईल त्याला सांगत. जावई सुतार होता, कारखान्यात दारं आणि कपाटं करायचा. दरवेळी तो "करू की" म्हणायचा आणि ते राहून जायचं. मग परवा अचानक सासऱ्यांचा फोन आला. "फळ्या आणल्यात. सुट्टीच्या दिवशी या."

फोन आला तेव्हा त्याच्या बायकोला घर सोडून महिना होत आला होता.

भांडण झालं नव्हतं. तेच त्याला उमगत नव्हतं. एका संध्याकाळी, दूध संपलंय म्हणावं तशा आवाजात ती म्हणाली, "मला वेगळं राहायचंय," आणि दोन बॅगा घेऊन मैत्रिणीच्या इमारतीतल्या एका खोलीत राहायला गेली. दारात थांबून म्हणाली, "आईबाबांना मी सांगेन. तू काही बोलू नकोस." सांगितलं की नाही, ते मात्र तिने कळवलं नाही. आज निघण्याआधी त्याने तिला फोन केला. तिने उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला : 'जा तू. बाबा वाट बघतायत.'

आता यावरून काय समजायचं?

दुपारपर्यंत जुन्या फळ्या निघाल्या. हाताने ओढल्या तरी भुसा होऊन पडत होत्या. खालचे आडवे लोखंडी बार उघडे पडले, ते सासऱ्यांनी तारेच्या ब्रशने घासले आणि काळा रंग मारला. तोवर त्याने नव्या फळ्या मापात कापल्या, कडा रंध्याने सरळ केल्या आणि दोन्ही बाजूंना खाच पाडली. फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या बसणार होत्या. पट्टीची कड त्या खाचेत बसली की फळी दबून राहते, फळीला भोक पाडावं लागत नाही. काम त्याच्या हातचं होतं. हात बिनचूक चालत होते, डोकं तेवढं भरकटत होतं.

सासरे आज त्याला काहीच म्हणत नव्हते, हे त्याच्या आता लक्षात आलं. एरवी फाटकातून आत पाऊल टाकलं की "या जावईबापू!" अशी आरोळी चार घरांत ऐकू जायची. आज नुसतं "आलात?" मग "तो पाना द्या," "इकडे धरा," "अहो, जरा." जावईही नाही, बापूही नाही. म्हणजे यांना कळलंय. कळलं असेल तर फळ्या बसवायला कशाला बोलावतील? आणि कळलं नसेल तर आरोळी कुठे गेली?

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्याचा कप त्यांनी हौद्याच्या कडेवर ठेवला आणि पदराला हात पुसत विचारलं, "बाळीचा खोकला गेला का हो?"

बायकोला खोकला झालाय हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कमी आहे," तो म्हणाला.

"परवा फोनवर फार खोकत होती. गरम पाणी पी म्हटलं तर हो हो करते. तुम्ही पाजत जा. तुमचं ऐकते ती."

"हो."

त्याने घाईने घोट घेतला आणि जीभ पोळली. गाडीच्या पलीकडे सासरे पट्ट्या पुसत होते. पुसता पुसता त्यांचा हात थांबला, पण मान वर झाली नाही. सासूबाई आत गेल्या. म्हणजे यांना माहीत नाही, त्याने ठरवलं. दोघांनाही नाही. आपण इथे बसून एका म्हाताऱ्या बाईला तिच्या मुलीच्या खोकल्याबद्दल थाप मारली, आणि ती थाप तिने किती सहज गिळली. त्याला चहा जाईना. सांगून टाकावं. बायको चिडेल, चिडू दे. ती चिडली तर निदान बोलेल तरी.

फळ्या बसवायला सुरुवात झाली. तो वरून फळी ठेवायचा, पट्टी खाचेत दाबायचा, गोल डोक्याचा बोल्ट पट्टीच्या भोकातून खाली सोडायचा. खालून सासरे वॉशर घालून नट आवळायचे. दोघांच्या मध्ये लाकूड, त्यामुळे बोलणं सोपं होतं. चेहरे दिसत नव्हते.

"फट ठेवलीत का?" खालून आवाज आला.

"ठेवलीय. दमट हवेत लाकूड फुगतं. एकदम चिकटवून बसवलं तर उचकटतं."

"असं होय." थोडा वेळ पान्याचा आवाज. "आमच्या लोखंडाचं तसं नसतं."

त्याने पुढची फळी ठेवली. घसा साफ केला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"आधी तो मधला बोल्ट सोडा."

त्याने बोल्ट सोडला. नट आवळला गेला, गरजेपेक्षा जरा जास्तच, फळी कुरकुरली.

"बाबा, बाळी आणि मी—"

"टेबलाची लांबी किती आहे हो?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुठल्या टेबलाची?"

"तुम्ही तिला करून दिलेलं. ते कापड बेततं ते."

तो हौद्यात गुडघ्यांवर बसला होता, तसाच राहिला. बायको घरी शिवणकाम करायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने तिला बेतायला टेबल करून दिलं होतं, कारखान्यातून उरलेल्या चांगल्या लाकडाचं. ते एवढं मोठं झालं की बाहेरच्या खोलीत दुसरं काही मावलंच नाही. पाहुणे आले की टेबलाला वळसा घालून बसायचे आणि हसायचे.

"ती म्हणाली, भाड्याचा टेम्पो ठरवते," खालून आवाज येत राहिला. "पुढच्या सुट्टीला. मी म्हटलं, घरात गाडी असताना परक्याच्या गाडीतून कशाला न्यायचं? ओरखडे पाडतील. पण हौदा असा. त्यात काय ठेवणार?"

मग बूट हलले, सासरे सरपटत बाहेर आले आणि चाकाला टेकून जमिनीवरच बसले. केसांत गंजाचा चुरा होता. त्यांनी त्याच्याकडे न बघता हातातला नट बोटांनी फिरवला.

"माझ्या ओळखीत दुसरा सुतार नाही," ते म्हणाले.

त्याला राग यायला हवा होता. तो आला का, हे त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

"आईंना?"

"तिला नाही सांगितलं. बाळी म्हणते तुम्ही सांगा, मी म्हणतो तू सांग." सासऱ्यांनी नट खिशात टाकला आणि लगेच पुन्हा बाहेर काढला. "आणि मला हेच कळत नाही, तुम्हाला आता हाक काय मारायची. सकाळपासून तोंडावर येतं आणि मागे फिरतं. नाव घेऊन कधी बोललो नाही. आता एकदम नाव घ्यायचं म्हणजे..."

"जे म्हणत होतात तेच म्हणा."

"चालेल?"

"चालेल की नाही ते मलाही माहीत नाही, बाबा."

सासऱ्यांनी मान हलवली, जणू ते उत्तर त्यांना पटलं होतं. मग हातावर जोर देऊन ते उठले आणि पुन्हा गाडीखाली शिरले. काम अजून निम्मं राहिलं होतं.

ऊन उतरायला आलं तेव्हा शेवटची फळी बसली. त्याने सगळीकडे पॉलिश पेपर फिरवला, भुसा झटकला आणि मागची कड सोडून तेलाचा पहिला हात दिला. लाकडाच्या रेषा उजळून वर आल्या. फळ्यांमधल्या काळ्या पट्ट्या वहीतल्या ओळींसारख्या सरळ दिसत होत्या. इतकं नीट काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"टेबल उलटं ठेवावं लागेल," तो म्हणाला. "पाय वर. पाय सुटतात, पण सोडू नका, जोड ढिले होतात. खाली गोधडी घाला. आणि दोर बांधायला कड्या लागतील."

"कुठे?"

टेबलाचं माप त्याने टेप न लावता सांगितलं. मग पेन्सिल घेतली आणि चार कोपऱ्यांत चार फुल्या मारल्या.

"उचलायला याल ना?" सासऱ्यांनी हळूच विचारलं. "माझ्या एकट्याच्यानं नाही व्हायचं."

"घर माझंच आहे बाबा. मी तिथेच असेन."

सासूबाई कप न्यायला आल्या आणि हौद्याकडे बघत थबकल्या. मग त्यांनी चपला काढल्या आणि तेल अजून न लावलेल्या कडेवर चढून उभ्या राहिल्या, नव्या घरात पाऊल टाकावं तशा.

"अगं बाई! किती देखणं झालंय. झोपावंसं वाटतं." त्या पायाने लाकूड चाचपत राहिल्या. "बाळी बघेल तेव्हा खूश होईल. आणि या फुल्या कसल्या?"

सासरे ब्रश पुसू लागले. ब्रश मघाशीच पुसून झाला होता.

"कड्या बसवायच्यात," तो म्हणाला. "सामान हलू नये म्हणून."

"कुणाचं सामान?"

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. ते त्याच्याकडेच बघत होते.

"उतरा आई," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "खाली बसून बोलू."

सासूबाईंनी त्याचा हात धरला, पण त्या उतरल्या नाहीत. एकदा त्याच्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत त्या तिथेच, ओल्या तेलाच्या काठाशी उभ्या राहिल्या. त्यांचा हात गार होता, आणि त्यांनी तो सोडला नाही.