कोमट पाण्यातलं माप

एदिसन तेचेराच्या मुठीतून सुरा काढायला आम्हा तिघांना जोर लावावा लागला. तोवर मुकादम ओलिवेरा फरशीवर पडून स्वतःची आतडी दोन्ही हातांनी आत ढकलत होता.

मी झुल्मा, कत्तलखान्यातली बोटं मोजणारी. हाडावरून मांस सोडवणाऱ्यांची बोटं दोन-तीन वर्षांत सुऱ्याभोवती वळतात ती वळलेलीच अडकतात. डॉक्टर तळव्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतो, तीन आठवड्यांनी मी कोनमापक लावते. बोट पूर्ण सरळ झालं की शून्य, आणि शून्य आलं की माणूस परत कामावर. मोजण्याआधी हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, ही डॉक्टरची शिस्त. पण मांसाच्या दालनात दात वाजतील इतकी थंडी असते आणि तिथं तीच बोटं पुन्हा आखडतात. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

एदिसनचं शून्य आलं. तो हसला. "झुल्माताई, हे बोट तुझ्या टबात शहाण्यासारखं वागतं. आत गेलं की माजतं."

"मग आत येऊन मोजते."

"ये की! मुकादम तुला माटेचा चहा पाजील, लाथा आम्हाला घालील."

मी गेले नाही. डॉक्टरशी कशाला वाकडं घ्या, म्हटलं, आणि मापाच्या कागदावर सही ठोकली. माझ्यासारखी भेकड बाई मीच.

चौथ्या दिवशी आरडाओरडा ऐकून धावले. एदिसनचा हात मंदावला म्हणून ओलिवेराने त्याच्या कानशिलात भडकावली होती. एदिसनने त्याला ढकललं. ओलिवेराने त्याची मान धरून डोकं लोखंडी खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं.

"सुरा टाक, भडव्या!"

"टाकता येत नाही रे! सुटत नाही बोट!"

"नाटकं करतोस?" म्हणत ओलिवेराने त्याला गळपट्टीला धरून अंगावर ओढलं. चरबीवरून दोघांचे पाय घसरले. पडताना सुरा मुकादमाच्या पोटात मुठीपर्यंत गेला, आणि एदिसन उठायला धडपडला तसा वर फाडत आला.

आम्ही एकेक बोट उलगडलं. मधलं कटकन वाजलं, तसा एदिसन गुरासारखा ओरडला. पायसांदूच्या इस्पितळात पोचण्याआधी ओलिवेराने गाडीतच जीव सोडला.

आठ महिन्यांनी खटला उभा राहिला. सरकारी वकिलाने माझा कागद फडकावला. "शून्य! म्हणजे हात उघडत होता. टाकायचा असता तर सुरा टाकला असता."

न्यायाधीशांनी विचारलं, "सही तुमची?"

"माझीच. पण माप कोमट पाण्यातलं आहे, साहेब. थंडीत ते बोट उघडत नाही. बर्फ मागवा, तुमच्यासमोर मोजते."

बर्फ आला. एदिसनने बादलीत हात घातला. मी घड्याळावर दहा मिनिटं मोजली. त्याची बायको पुढच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती, मीच तिच्या नवऱ्याला घरी आणणार असल्यासारखी.

त्याने निळा पडलेला हात बाहेर काढला, मूठ वळली आणि उघडली. पाची बोटं सरळ झाली. आठ महिने कोठडीत त्याच्या हाती सुरा नव्हता. बोट बरं झालं होतं.

"किती?" न्यायाधीशांनी विचारलं.

मी कोनमापक दोनदा लावला. मग सांगितलं, "शून्य."