पट्टी काढल्यावर काय वाटलं?

“मानवजातीच्या इतिहासात आज दयेचा अस्त आणि ज्ञानाचा उदय होत आहे!” दिव्यांगत्व अभ्यास या नव्या पदवीच्या उद्घाटनाला प्राचार्य म्हणाले होते. माइक बंद होता. पण चहा निवत असल्यामुळे पुढच्या रांगेतल्यांनी तो मुद्दा काढला नाही.

त्याला दोन वर्षं झाली. आज तोंडी परीक्षा होती. विभागप्रमुख विश्वजीत सरांसमोर नम्रता बसली होती. ती जन्मांध. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात असलेले तिचे वडील, बापूराव, प्रवेश घेतानाच म्हणाले होते, “अगं, ही कसली डिग्री? तुला हे घरबसल्या येतंय की! निदान यात तरी नापास होऊ नकोस.” नापास झाली तर कॉलेज बंद, असंही घरी ठरलं होतं. तिला मात्र पुढे अंध मुलांना शिकवायचं होतं.

प्रात्यक्षिक सोपं होतं. डोळ्यांना काळी पट्टी बांधून फाटकापासून ग्रंथालयापर्यंत जायचं आणि मग अनुभव सांगायचा. नियम सर्वांना सारखा, म्हणून सकाळी नम्रतालाही पट्टी बांधली गेली. समता पाळण्यात विभाग कुठे कमी पडला नाही.

“किती वेळा धडपडलात?”

“एकदाही नाही, सर.”

“अहो, धडपडण्याला मार्क आहेत. सगळे धडपडले. शेफाली तर रडली.”

“हो ना. तिला मीच हाताला धरून आणलं.”

“म्हणजे कॉपीच की ही! बरं, भीती वाटली?”

“रोजचाच रस्ता आहे.”

“कमाल आहे. आता शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त मार्कांचा. पट्टी काढल्यावर काय वाटलं?”

“केस ओढले गेले.”

“चेष्टा करताय?”

“नाही. गाठ तुम्ही केसांत मारली होती.”

“अहो, डोळ्यांची किंमत कळली का, हे विचारतोय मी!”

“मला कशी कळणार?”

“मग हा विषय घेतलात कशाला?”

“तुम्ही कशाला घेतलात, सर?”

सरांना समाजशास्त्रात जागा मिळाली नव्हती, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी गुणपत्रक पुढे ओढलं. कागदावर पेन फक्त एकदा गोल फिरल्याचा आवाज आला.

“शून्य?” नम्रतानं विचारलं.

“विषयाचा गाभाच तुमच्यापर्यंत पोचलेला नाही. पुढच्या वर्षी या.”

“पुढचं वर्ष घरचे देणार नाहीत.”

“तो कौटुंबिक प्रश्न झाला. तो तिसऱ्या पेपरात आहे.”

नम्रता उठली. खुर्ची नीट टेबलाला लावली, घडीची पांढरी काठी उलगडली आणि कुणाचा हात न मागता दाराकडे निघाली. दारात प्रात्यक्षिक राहिलेला योगेश पट्टी बांधून, भिंत चाचपत उभा होता.

“अहो, जरा थांबा,” सरांचा आवाज एकदम मऊ झाला. “विभागाची काठी सकाळीच मोडली. तुमचं झालंच आहे, तर तेवढी तुमची योगेशला देऊन जाता का?”