ऑब्रीसाहेबांची पहिली माफी

मित्रांनो, मी हिरव्या रंगाचा एक जुना टाइपरायटर आहे आणि मला स्वतःची ठाम मते आहेत. ती मला माझे मालक ऑब्री टेनंट यांच्याकडून मिळाली. इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात आमचे छोटे गाव आहे. तिथल्या साप्ताहिकात साहेबांचा लेख दर शुक्रवारी छापून येई.

कारखान्यातून निघालो तेव्हाच माझे एक अक्षर जरा वाकडे होते, तरी साहेबांनी मला पसंत केले. मग तीस वर्षे आम्ही दोघांनी सरकारला सळो की पळो करून सोडले. कर कमी करा, माणसाला आपल्या हिमतीवर जगू द्या, घरात टीव्ही आहे एवढ्यावरून परवान्याचे पैसे का उकळता, लंडनच्या बातमीदारांना खेडी का दिसत नाहीत, हे सगळे आम्ही लिहिले. मजूर पक्ष सोडाच, साहेबांच्या स्वतःच्या हुजूर पक्षाचीही आम्ही गय केली नाही. लोक खाटकाच्या दुकानात आमचे लेख मोठ्याने वाचत. मी तर फुशारून जाई.

आमच्याकडे ईस्टरपूर्वीचे उपास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, बायका तवा हातात घेऊन, धिरडे उडवत चर्चपर्यंत पळतात. एका वर्षी ही शर्यतच झाली नाही. नगरपालिकेने रस्ता बंद करायची परवानगी दिली नव्हती. साहेब भडकले. ‘तव्याला घाबरणारी नगरपालिका’ असा लेख त्यांनी एका बैठकीत ठोकला आणि परवान्यांच्या अधिकारी जॅनिस प्रॉबर्ट यांचे नाव घेऊन त्यांची सालटी काढली. लंडनच्या वर्तमानपत्रांनीही तो उचलला.

आठवड्याभराने जॅनिसबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या.

"टेनंटसाहेब, मी नाही म्हणालेच नाही. अर्जच आला नाही. आता दुकानात माझ्याशी कुणी बोलत नाही. मी बदली मागितलीय."

"अर्ज दिला होता, बाई. शर्यतीच्या समितीचा अध्यक्ष मीच आहे."

साहेबांच्या पत्नी मरिअल यांनी मला उचलले. माझा खडखडाट कमी व्हावा म्हणून साहेब माझ्याखाली कागदांची घडी ठेवत. त्या घडीत तो अर्ज होता, सहीसकट. मला तो महिनाभर टोचत होता, पण मला बोलता कुठे येते? तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

साहेबांनी चूक कळवली, तसा संपादकांचा फोन आला. "ऑब्री, एवढं मनावर घेऊ नकोस. सतराव्या पानावर, कोपऱ्यात दोन ओळी टाकू. कुणी वाचणार नाही."

"ते छान जमतं रे तुम्हा पेपरवाल्यांना," मरिअल मागून म्हणाल्या. "बोंब पहिल्या पानावर आणि माफी मुंगीच्या अक्षरात."

साहेब माझ्यासमोर येऊन बसले. तीस वर्षे ते जबाबदारी, जबाबदारी म्हणून लोकांचे कान पिकवत होते. आता पाळी त्यांची होती. नाव गेले तर हा लेख त्यांचा शेवटचा ठरला असता. तरीही त्यांनी संपादकांकडे नेहमीचीच जागा आणि नेहमीचीच मोठी अक्षरे मागितली, कागद चढवला आणि पहिले वाक्य उमटवले: ‘शर्यत जॅनिस प्रॉबर्ट यांनी नव्हे, मी बंद पाडली.’ माझ्या अक्षरांच्या पट्ट्या इतक्या सरळ कधीच पडल्या नव्हत्या.

जॅनिसबाईंनी बदलीचा अर्ज मागे घेतला. पुढच्याच शुक्रवारी साहेबांनी कचरापेट्यांवरून नगरपालिकेला पुन्हा झोडपले आणि बाईंनी तीन पानी उत्तर धाडले. साहेबांनी ते एकही शब्द न गाळता छापायला लावले.

आता घरात संगणक आहे आणि मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, जुन्या यंत्रांना अधूनमधून तेल घालत जा. आणि मते माझ्यासारखी खणखणीत ठेवा, पण कुणाचे नाव छापण्याआधी आपल्या टेबलावरचे कागद एकदा उचलून बघा. माझ्या साहेबांनी दीड हजार लेख लिहिले. चौकटीत लावून त्यांनी भिंतीवर टांगला आहे तो एकच, माफीचा.